आठ दिवस आधी

जैवसंवेदक, बाजारातल्या भाषेत बायोसेन्सर, हे उपकरण तीन भागांचं असतं. पहिला भाग ओळखतो. तिथे एखादं विकर, प्रतिपिंड, डीएनएचा तुकडा किंवा जिवंत पेशी कामाला लावलेली असते. दुसरा भाग ती ओळख विजेत, रंगात किंवा प्रकाशात उतरवतो. तिसरा माणसापुढे आकडा ठेवतो. अमेरिकी शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली विकर बसवलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. तिचा वंशज असलेला ग्लुकोमीटर आज बुलडाणा जिल्ह्यातल्या उंद्रीसारख्या गावातही नवलाचा राहिलेला नाही. साखर दोनशे चाळीस आली हे तो काही सेकंदांत सांगतो. मग तो आकडा घरभर फिरतो, पुण्याच्या मुलाला फोनवर कळवला जातो, त्यावर गंभीर चर्चा होते, आणि संध्याकाळच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याला 'नको नको, बरं, थोडी' असं सांगितलं जातं. जैवसंवेदकाचं काम आकड्यापाशी संपतं. पुढचं काम कोणाचं, हे डबीतल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

हेच उपकरण माणसाऐवजी पिकाला लावायचं, ही गेल्या काही वर्षांतली मोठी खटपट आहे. उद्देश असा की रोग डोळ्यांना दिसायच्या आधी कळावा. उंद्री चिखली तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या बोलण्यात 'घाटावर'. खरिपात सोयाबीन, त्यात ओळीने तूर आणि रब्बीत हरभरा हा इकडचा परिपाठ. तिन्ही पिकांचे रोग दबा धरून बसणारे. सोयाबीनला पिवळा मोझॅक पांढरी माशी देते. ती पानाखाली बसते, रस पिते आणि जाताना विषाणू ठेवून जाते; पान पिवळं-हिरवं चट्टेरी दिसायला त्यानंतर आठवडा-दोन आठवडे लागतात. तुरीची मर याहून पोचलेली. फ्युजेरियम ही बुरशी जमिनीतून मुळात शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत मुक्काम ठोकते आणि झाड फुलावर, शेंगेवर येईपर्यंत बहुधा गप्प राहते. खताचा, निंदणीचा, फवारणीचा सगळा खर्च होऊन गेला की मग उभं झाड वाळायला लागतं. शेतकरी ज्याला रोगाची सुरुवात म्हणतो, तो रोगाच्या हिशेबाने समारोप असतो.

रोगाची बातमी वावरात एका ठरलेल्या क्रमाने फिरते. आधी ती झाडाला कळते. मग शेजाऱ्याला, मग कृषी केंद्रवाल्याला, मग मालकाला आणि सर्वांत शेवटी शासनाला. मालकाचा नंबर चौथा आहे, आणि जैवसंवेदकाचा सगळा खटाटोप तो दुसरा करण्यासाठी आहे.

झाडाला कळतं म्हणजे काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. जंतू शिरल्यावर थोड्याच वेळात पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं. पुढे सॅलिसिलिक आम्ल तयार होतं आणि त्याचा भाऊबंद मिथाइल सॅलिसिलेट हवेत सुटतो. हा पदार्थ म्हणजे विंटरग्रीनचं तेल. कंबरदुखीच्या मलमांना जो झणझणीत वास असतो, तो बराचसा याचाच. आजारी झाड आपल्या परीने मलम चोळून बसलेलं असतं. तो वास शेजारच्या झाडांना पोचतो आणि तीही आपली बचावाची तयारी सुरू करतात, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. धुऱ्यावर उभ्या माणसाला मात्र काहीच येत नाही, कारण वासाचं प्रमाण फार कमी असतं आणि बिडीचा धूर फार जास्त.

उपकरणं नेमकी याच गोष्टी टिपतात. सर्वांत साधी आहे ती पट्टी. घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीत प्रतिपिंडांची जी युक्ती आहे, तीच वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरतात. पान चुरायचं, द्रावणात घोळायचं, पट्टी बुडवायची. काही मिनिटांत एक रेघ उमटते किंवा दोन. दोन रेघा आल्या म्हणून इथे कोणी पेढे वाटत नाही, इतकाच फरक. दुसरी तऱ्हा जनुकीय तपासणीची. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी मांडलेली लॅम्प ही पद्धत रोगाच्या डीएनएच्या प्रती एकाच तापमानावर, साठ-पासष्ट अंशांवर, वाढवते. त्यामुळे प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र टळतं. तिसरी तऱ्हा पानाला चिकटवायच्या पट्टीची. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोमॅटोच्या पानाखाली लावायची अशी पट्टी दाखवली. ती पानातून सुटणारे वायू, तापमान आणि ओलावा मोजते. टोमॅटोवरच्या एका विषाणूची चाहूल तिने लक्षणं दिसण्याच्या आठवडाभराहून जास्त आधी दिली.

कीर्ती मात्र मिळाली ती पालकाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मायकल स्ट्रानो यांच्या गटाने २०१६ मध्ये पालकाच्या पानांत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या बसवल्या. जमिनीतल्या पाण्यात स्फोटकांचा अंश आला की त्या पानांचा अवरक्त प्रकाश बदलायचा, कॅमेरा तो टिपायचा आणि छोटा संगणक निरोप धाडायचा. पालक ई-मेल पाठवतो, म्हणून पुढे जगभर त्याची चेष्टा झाली. याच गटाने नंतर पानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडची लाट टिपून दाखवली, जी शेतीच्या दृष्टीने कितीतरी जास्त कामाची. पण तिची बातमी तेवढी झाली नाही, कारण तिच्यात ई-मेल नव्हता.

आता हिशेब. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं तर एकरी सुमारे १.८ लाख झाडं बसतात. प्रत्येकाच्या पानाला पट्टी लावायची ठरवली, तर ती लावायला मजूर आणावे लागतील, आणि उंद्रीत ऑगस्टमध्ये निंदायला मजूर मिळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पहारेकरी झाडं सुचवतात: वावरात मोजकी ठिकाणं निवडायची, तिथल्या झाडांवर उपकरण लावायचं आणि बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. ही ठिकाणं माशी जिकडून येते त्या बाजूला असावीत, असं शास्त्र सांगतं. व्यवहारात ती रस्त्याच्या कडेला असण्याची शक्यता जास्त आहे, कारण उपकरण घेतलं आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं पाहिजे.

याहून थोडं दूरचं, पण आज खरोखर विकलं जाणारं साधन म्हणजे हवामानाचा खांब. नाशिककडच्या द्राक्षबागांत पानाचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजून केवडा आणि भुरी कधी येऊ शकेल याचा इशारा देणारी यंत्रं बरीच रुळली आहेत. ती रोग ओळखत नाहीत, रोगाला पोषक हवा ओळखतात. द्राक्षाचा एकरी खर्च आणि उत्पन्न असं आहे की एक फवारणी वाचली तरी यंत्राच्या किमतीला हातभार लागतो. सोयाबीनचं तसं नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, आणि तो हमीभाव आहे, म्हणजे बाजारात मिळेलच असं नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला ५०० कोटी रुपयांची तरतूदही ठेवली. त्यातला खांब घाटावर किती लवकर चढतो, यावर सोयाबीनवाल्याचं द्राक्षवाल्याशी नातं ठरेल.

तोवर गावात जी यंत्रणा चालू आहे ती कमी लेखू नये. तिचा मुख्य संवेदक म्हणजे धुऱ्यापलीकडचा शेजारी. त्याला बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही. सकाळच्या चहावर तो दिवसभर चालतो. त्याचा पल्ला दोन-तीन वावरांचा. संवेदनशीलता अफाट: दीड एकरात चार पानं पिवळी झाली तरी तो मोटारसायकलवरून जाताना टिपतो आणि गाडी थांबवून सांगतो, "भाऊ, तुमची सोयाबीन पिवळी पडू राह्यली ना." निवडकता हा जैवसंवेदकाचा सर्वांत मोठा गुण मानला जातो, नेमकं जे ओळखायचं तेवढंच ओळखावं, दुसऱ्याला भुलू नये. शेजाऱ्याची निवडकता थक्क करणारी आहे. तो फक्त दुसऱ्याच्या वावरातला रोग ओळखतो. त्याच्या स्वतःच्या वावरात तशीच चार पानं पिवळी असली, तर ती 'जरा पाण्याचा ताण' असतात.

ही यंत्रणा संदेशही जलद पोचवते. शेजाऱ्याने पाहिलेली चार पानं फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाताना चार तासं होतात आणि पारावर पोचेपर्यंत अख्खं वावर. मूळ संकेत क्षीण असेल तर तो वाढवून दाखवणारा भाग प्रत्येक चांगल्या उपकरणात असतो. इथे तो भाग जरा जास्त ताकदीचा बसवला गेला आहे.

शेजाऱ्याची एक मर्यादा मात्र खरी आहे: त्याला पिवळं दिसतं, पण कशाने पिवळं ते दिसत नाही. सोयाबीन अनेक कारणांनी पिवळं पडतं. चुनखडीच्या जमिनीत लोह उचललं गेलं नाही की कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. काळ्या मातीत पाणी साचून मुळं गुदमरली की पिवळं. खोडमाशीची अळी आतून खोड पोखरत गेली की पिवळं. मूळकूज झाली की पिवळं. आणि मोझॅकनेही पिवळंच. या प्रत्येकावरचा इलाज निराळा, आणि एकावरचा दुसऱ्याला लावला तर पैसा जातो, दिवस जातात, पिवळेपणा राहतो. खऱ्या जैवसंवेदकाची किंमत इथे आहे. तो लवकर सांगतो यापेक्षा तो नेमकं सांगतो, हे जास्त मोलाचं. पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही, तर निदान मोझॅकच्या नावाखाली माशीचं औषध तरी घेऊ नये, एवढं तिच्यावरून ठरवता येतं.

पण निदानाची ही जागा रिकामी नाही. तिथे कृषी केंद्र बसलेलं आहे. शेतकरी पिशवीतून कोमेजलेली फांदी काढतो, काउंटरवर ठेवतो, आणि समोरचा माणूस फांदीकडे न पाहता तिच्या मालकाकडे पाहतो. उधारी किती थकली आहे, मागच्या खेपेला कोणती बाटली नेली, तुरीचे पैसे कधी यायचे, हे सगळं विचारात घेऊन निदान होतं. पिवळं असेल तर एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक. बुरशी असेल तर पहिलं लागू पडेल, माशी असेल तर दुसरं. दोन्ही नसेल तर टॉनिकने निदान मनाला हिरवळ येईल. या पद्धतीत चूक शोधणं कठीण, कारण ती सर्व शक्यता एकाच पंपात मिसळून फवारते. जैवसंवेदकाने हीच तपासणी दहा रुपयांत करून दिली, तर त्याला सर्वांत मोठा विरोध बुरशीचा होणार नाही.

शासनाचीही एक टेहळणी आहे आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केलं. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांतून ठरलेल्या दिवशी किडी-रोगांची मोजणी करायची, आकडे संगणकावर चढवायचे, नुकसानीची पातळी ओलांडली की कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा सल्ला मोबाइलवर पाठवायचा, अशी ही साखळी. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या भागासाठी सल्ला देतं. साखळीची शेवटची कडी मोबाइल नंबराची आहे. नंबर नोंदवताना घरात ज्याचा फोन चालू होता त्याचा दिलेला असतो, आणि तो बहुधा आता चाकणला कंपनीत असतो. सोयाबीनवर उंटअळीने पातळी ओलांडल्याचा निरोप त्याला दुसऱ्या पाळीत मिळतो. तो हा निरोप मन लावून वाचतो, कारण गावाकडची तेवढीच खबर.

कामगंध सापळा हा याच टेहळणीतला जुना शिपाई. मादीच्या गंधाचं रबरी आमिष लावलं की नर पतंग अडकतात. कपाशीत सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीचा धोका समजायचा. काटेकोर बोलायचं तर इथे जैवसंवेदक सापळा नसून पतंगच आहे. त्याच्या मिशा गंधाचे मोजके रेणूही हुडकतात, आणि इतकं उत्तम उपकरण बाळगल्याची शिक्षा म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. पिवळ्या चिकट सापळ्यांचं तत्त्व त्याहून सोपं: पांढऱ्या माशीला पिवळा रंग आवडतो. तो शेतकऱ्याला का आवडत नाही, याचं कारणही तीच माशी आहे.

लवकर निदानाच्या शर्यतीत मात्र जिल्ह्याचा विक्रम घाटाखाली आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात गोल घट आखून त्यावर अठरा प्रकारचं धान्य मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन कोणता दाणा किती सरकला ते पाहायचं आणि वर्षाचं पीकपाणी सांगायचं. यात भादली हे धान्य पिकांवरच्या रोगराईचं. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिला शास्त्राचा आधार नसल्याचं दरवर्षी सांगतात. दोन्ही पक्ष चुकत नाहीत. रात्रीत मुंग्या आणि उंदीर काय हलवतात याचा अभ्यास झालेला नाही, पण वेगाच्या बाबतीत घटाशी कोणाची बरोबरी नाही. अमेरिकेची पट्टी लक्षणांच्या आठवडाभर आधी बोलते. भादली पेरणीच्याही महिनाभर आधी बोलते, बियाणं अजून दुकानात असताना. फक्त ती कोणत्या गट नंबरात, कोणता रोग हे सांगत नाही, आणि फवारणी तर गट नंबरातच करायची असते.

समजा उपकरण आलं, अनुदानावर आलं आणि उंद्रीच्या एखाद्या वावरात बसलंही. त्याला आधी जुलै काढावा लागतो. पाऊस, चिखल, पानाचा ओलावा यांनी विकरं आणि प्रतिपिंडं लवकर मऊ पडतात, आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली पट्टी पुढच्या हंगामात कोणतीही रेघ उमटवू शकते. रात्री रोही येतात. रोह्यांचा कळप पहारेकरी झाड आणि साधं झाड यात भेद करत नाही. उलट पानावर काही चिकटवलेलं असेल तर ते चवीपुरतं धरलं जातं. रानडुकराला खांब खाजवायला लागतो. सौर पट्टी दिसली की ती झटका मशीनची समजून आधी सगळे लांब राहतात आणि मग ती झटका मशीनची नाही हे कळल्यावर लांब राहत नाहीत. रेंजचा प्रश्न वेगळाच. ज्या टेकाडावर चढल्यावर फोन लागतो तिथे सोयाबीन नाही, आणि जिथे सोयाबीन आहे तिथून निरोप जात नाही.

हे सगळं पार करून एक दिवस निरोप आलाच, तर तो काय सांगणार? मोझॅक झालेल्या सोयाबीनला बरं करणारं औषध नाही. सल्ला एकच असतो: रोगट झाडं दिसताच उपटून नष्ट करा, पांढरी माशी आवरा. आजवर हा सल्ला पिवळ्या झाडाबद्दल होता आणि तरी तो पाळताना हात जड व्हायचा. जैवसंवेदकाने काम अवघड करून ठेवलं आहे, कारण तो हिरव्यागार झाडाबद्दल बोलतो. समोर गुडघाभर, टवटवीत, फुलावर आलेलं झाड आहे आणि फोन म्हणतो, हे उपटा. शेतकरी झाडाकडे पाहतो, फोनकडे पाहतो, आणि दोघांपैकी कोण आजारी आहे याचा विचार करतो. घरी विचारणं होतं. म्हातारा म्हणतो, उभं पीक उपटायचं नसतं. बायको म्हणते, आठ दिवस वाट पाहा, खरंच पिवळं पडलं तर उपटू. हा सल्ला कोणालाही पटण्यासारखा आहे. उपकरणाने मिळवून दिलेले आठ दिवस त्यात नेमके खर्च होतात, आणि त्या आठ दिवसांत माशी एका झाडावरून चाळीस झाडांवर जाऊन येते.

ज्यांना उपटायचं धाडस होतं त्यांचा अनुभव वेगळा. त्यांचं वावर वाचतं, आणि वाचलं म्हणजे काहीच घडलं नाही. न आलेल्या रोगाचा फोटो निघत नाही. शेजारी म्हणतो, तुमच्याकडे यंदा रोग आलाच नव्हता, उगाच झाडं उपटली. मग पुढच्या हंगामात उपकरणाचं नूतनीकरण होत नाही.

क्रमातला शेवटचा मानकरी शासन. रोग मान्य व्हायला तो आधी डोळ्यांना दिसावा लागतो, पंचनाम्यात उतरावा लागतो, नाहीतर वजनात यावा लागतो. पीक विम्यात रोगाने झालेली घट पीक कापणी प्रयोगातून मोजली जाते: महसूल मंडळात ठरावीक प्लॉट निवडायचे, कापायचे, मळायचे, तोलायचे. पैसेवारीचंही तसंच. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम ३१ डिसेंबरला. पट्टीला ऑगस्टमध्ये कळलेला मोझॅक शासनदरबारी वर्षाच्या शेवटच्या दिवशी दाखल होतो. त्या तारखेला सोयाबीन कधीच विकून झालेलं असतं, त्याच वावरात हरभरा घाट्यावर येत असतो, आणि त्याच्या मुळाशी मरीची बुरशी शिरली आहे की नाही, हे फक्त हरभऱ्याला माहीत असतं.